वर्दी उतरली तरी : आपत्तीच्या वेळी माजी सैनिक आणि आपला कर्जत-खालापूरचा मुलूख

इतिहासाचा तास घेताना आम्ही शिक्षक सैनिकाला रणांगणावर नेऊन उभे करतो आणि लढाई संपली की धडाही संपवितो. तो सैनिक पुढे घरी परतला काय, परतल्यावर त्याने काय केले, याची चौकशी पाठ्यपुस्तक करीत नाही. वास्तविक फौजेतील बहुतेक जवान ऐन उमेदीत, चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. म्हणजे शरीर अजून धडधाकट असते, हुकूम ऐकण्याची व देण्याची सवय अंगात भिनलेली असते आणि पुढे निम्मे आयुष्य गावात काढावयाचे असते. अशा माणसाचा गावाला उपयोग काय, या प्रश्नाचे एक उत्तर आपत्तीच्या इतिहासात सापडते. पूर, आग, भूकंप, दरड यांपैकी काहीही कोसळले की पहिल्या काही तासांत सरकार पोहोचत नाही, शेजारी पोहोचतो. तो शेजारी शिकलेल्या हाताचा असला तर माणसे वाचतात. प्रस्तुत लेखात या गोष्टीचे काही दाखले पाहू व त्यांच्या उजेडात आपल्याच तालुक्यात घडलेल्या इर्शाळवाडीच्या दुर्घटनेकडे वळू.

आपला मुलूख

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे घाटाखालचे तालुके. समुद्र येथून दिसत नाही, पण समुद्रावरून येणारा पाऊस सह्याद्रीच्या भिंतीला अडतो तो आपल्याच डोक्यावर. उल्हास आणि पाताळगंगा या नद्या हेच पाणी घेऊन खाली जातात. याच पाण्यावर खोपोलीचे व भिवपुरीचे वीजघर गेल्या शतकाच्या आरंभी उभे राहिले. जे पाणी दिवे लावते तेच पाणी डोंगराच्या मातीत मुरले की डोंगर खाली आणते. बोरघाटातून लोहमार्ग नेताना (१८५६ ते १८६३) हजारो मजुरांनी या डोंगराशी झुंज घेतली. साथीच्या रोगांनी व अपघातांनी किती मेले याची धड मोजदादही झाली नाही. आणि मार्ग सुरू होऊन चार वर्षे होतात न होतात तोच १८६७ च्या पावसाळ्यात घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. माथेरानची छोटी गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०७ साली सुरू केली. तिचा मार्गही २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीने असा काही वाहून गेला की गाडी पुन्हा धावण्यास २००७ साल उजाडले.

हा मुलूख तसा लढवय्यांचाही आहे. खालापूर तालुक्यातच १६६१ साली उंबरखिंडीची लढाई झाली. चौक हे सरनौबत नेताजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. माथेरानच्या भाई कोतवालांनी १९४३ च्या आरंभी सिद्धगडावर देह ठेवला. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला महाड तालुक्यात तर 'फौजी आंबवडे' नावाचे गावच आहे. पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस सैन्यात पाठविण्याच्या परंपरेवरून त्याला हे नाव पडले. जुन्या मुंबई फौजेच्या पलटणींत कोकणी व दख्खनी मराठ्यांच्या बरोबरीने दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या असत, आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये मराठे, शीख आणि मुसलमान एकाच छावणीत पूल बांधावयास व सुरुंग काढावयास शिकत. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. थोडक्यात, कोठल्याही एका जातीची वा धर्माची मिरास नसलेली अशी ही शिपाईगिरी आहे, आणि तिचे पेन्शनर आपल्या दोन्ही तालुक्यांत आजही आहेत.

काही जुने दाखले

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजास आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटक दारूगोळाही होता. चार वाजून गेल्यावर पाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझविणारे ६६ जवान कामावर असतानाच गेले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. महायुद्ध चालू असल्याने मुंबईत सैनिक व खलाशी मोठ्या संख्येने होते. ढिगारे उपसण्यास, जखमींना हलविण्यास व पुढे कित्येक महिने गोदी साफ करण्यास तेच कामी आले. या घटनेपासून एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली. शहरावर संकट कोसळते तेव्हा केवळ धैर्य पुरत नाही. रांग लागते, पाळी लागते, आणि कोणीतरी एकाचे ऐकावे लागते.

दोनच वर्षांनी, डिसेंबर १९४६ मध्ये, मुंबई प्रांतात होमगार्ड दल स्थापन झाले. नोकरीधंदा सांभाळून कवायत शिकणाऱ्या व हाक येताच धावून जाणाऱ्या नागरिकांचे हे स्वयंसेवी दल होते. फौजेची शिस्त नागरी जीवनात आणण्याचा स्वतंत्र भारताच्या उंबरठ्यावरील हा पहिला मोठा प्रयत्न म्हणावा लागेल. पुढे १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदा आला. त्याचा मूळ हेतू शत्रूच्या हल्ल्यापासून बचावाचा होता; नंतर त्यात नैसर्गिक आपत्तींचाही समावेश करण्यात आला. युद्धासाठी शिकलेली विद्या पुराच्या कामी यावी, हा विचार कायद्याने मान्य केला तो असा.

पानशेतची गोष्ट जुन्या पिढीस ठाऊकच आहे. जुलै १९६१ मध्ये धरणाचे मातीचे बांधकाम खचू लागले तेव्हा लष्कराच्या जवानांना पाचारण करण्यात आले. ११ तारखेच्या रात्रभर भर पावसात जवानांनी धरणाच्या माथ्यावर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले ते फुटलेच. पण ते रात्रीच्या अंधारात फुटले नाही, दिवस उजाडल्यावर फुटले. पुण्याच्या पेठांतून झोपलेल्या माणसांवर ते पाणी आले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. धरण वाचले नाही, परंतु त्या रात्री मिळविलेल्या काही तासांनी असंख्य माणसे वाचली असे मानले जाते. बचावकार्यात काही वेळा जिंकणे शक्यच नसते. तेव्हा वेळ मिळविणे हाच विजय असतो.

निवृत्त सैनिकाचा अगदी नेमका दाखला मात्र भोपाळचा आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. जवळच एक कागदाचा कारखाना होता व त्याचे व्यवस्थापक सैन्यातून निवृत्त झालेले ब्रिगेडिअर होते. आपले कामगार अडकले आहेत असे दिसताच त्यांनी भोपाळच्या लष्करी अधिकाऱ्यांशी संपर्क साधला आणि मदत मागितली. लष्कराच्या गाड्या त्या कामगारांसाठी निघाल्या, आणि वाटेत पडलेली माणसे पाहून त्याच गाड्या शहरातील हजारोंना इस्पितळात पोहोचविण्याच्या कामी लागल्या. येथे त्या निवृत्त अधिकाऱ्याने स्वतः किती जणांना उचलले हा प्रश्न गौण आहे. कोणाला हाक मारावयाची हे त्यास ठाऊक होते आणि त्याने ती वेळेवर मारली, हे महत्त्वाचे. त्याच रात्री भोपाळ स्थानकावर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी वरून हुकूम येण्याची वाट न पाहता उभी असलेली गाडी वेळेआधी सोडली व प्रवाशांना वायूच्या तावडीतून बाहेर काढले. ते सैनिक नव्हते, पण जागा न सोडण्याचा सैनिकी धर्म त्यांनी पाळला. त्या वायूने त्यांची प्रकृती कायमची खालावली.

एक परदेशी उदाहरण

माजी सैनिक स्वयंसेवक म्हणून जगात सर्वांत प्रसिद्ध झाले ते अमेरिकेतील दोघे, म्हणून त्यांची हकीगत येथे थोडक्यात सांगतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. डेव्हिड कार्न्स हे मरीन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ तेव्हा शेजारच्या राज्यात हिशेबतपासनिसाच्या कचेरीत नोकरी करीत होते. बातमी ऐकताच ते उठले, केस कापवून घेतले, जुनी वर्दी चढविली व गाडी हाकीत घटनास्थळी पोहोचले. तेथे त्यांना दुसरा माजी मरीन भेटला, जेसन थॉमस. त्याचीही वर्दी गाडीत पडलेली होती. अंधार पडल्यावर, जेव्हा धोका ओळखून इतरांना मागे घेण्यात येत होते, तेव्हा हे दोघे ढिगाऱ्यावर फिरत राहिले. त्यांची रीत साधी होती. मोठ्याने हाक द्यावयाची, मग थांबून कान द्यावयाचा, आणि पुढे सरकावयाचे. अशाच एका शांततेत खालून उत्तर आले. त्या रात्री व दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोलीस जिवंत बाहेर काढण्यात आले.

यातील थॉमस हे काम आटोपून नाव न सांगताच घरी गेले. पाच वर्षांनी त्या प्रसंगावर चित्रपट निघाला तेव्हा कोठे ते कोण हे जगाला कळले. चित्रपटात त्यांची भूमिका एका गोऱ्या नटाने केली होती. प्रत्यक्षात ते कृष्णवर्णीय होते. त्याच ढिगाऱ्याखाली सलमान हमदानी नावाचा तेवीस वर्षांचा मुसलमान तरुणही होता. प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेला व पोलीस दलात उमेदवारी केलेला हा मुलगा कामावर जाता जाता मदतीस धावला आणि परतलाच नाही. तो बेपत्ता असताना त्याच्याविषयी संशयाची कुजबुज झाली. २००२ च्या मार्चमध्ये त्याचे अवशेष ओळखले गेले आणि त्याच्या जनाजाला शहराचे महापौर व पोलीस आयुक्त जातीने उपस्थित राहिले. ज्याला आपण खिदमत म्हणतो तिच्या मोबदल्यात शाबासकी मिळेलच असे नाही. कधी तिच्या वाट्याला संशयही येतो. थॉमस व हमदानी या दोघांनीही त्याचा हिशेब आधी मांडला नाही. ढिगाऱ्याखालच्या माणसाला वर आलेल्याचे नाव, रंग वा धर्म दिसत नसतो. त्याला फक्त हाक ऐकू येते.

इर्शाळवाडी

आता आपल्या दाराशी येऊ. खालापूर तालुक्यात चौक गावाच्या वर इर्शाळगड आहे. त्याच्या अंगाखांद्यावर, पायथ्यापासून सुमारे तासाभराच्या चढावर, ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी ही वस्ती होती. तेथे गाडीरस्ता नव्हता. १९ जुलै २०२३ रोजी बुधवारी रात्री, साडेदहा-अकराच्या सुमारास, वस्तीवर डोंगराचा कडा कोसळला. त्याआधीच्या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे शासनाने विधानसभेत सांगितले. दरडीचा धोका असलेल्या गावांची जी सरकारी यादी होती, तीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

शाळेच्या खोलीत असलेली काही पोरे वाचली. त्यांनी व इतर वाचलेल्यांनी आरडाओरडा केला, काही जण अंधारात डोंगर उतरले आणि बातमी खाली आली. मग पोलीस, महसूल कर्मचारी, आसपासच्या वाड्यांतील लोक वर निघाले. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखी गिर्यारोहक मंडळे आणि 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या नावाने द्रुतगती मार्गावर व घाटात वर्षानुवर्षे धावणारा स्वयंसेवकांचा गट ही माणसेही धावली. पाऊस थांबत नव्हता, वाट निसरडी होती आणि वरून आणखी माती सरकण्याचा धोका होता. नवी मुंबई अग्निशमन दलातील एक अधिकारी चढता चढता हृदयविकाराने गेले. मदतीस निघालेल्या माणसाचा हा बळी आपण विसरता कामा नये.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आल्या. पण खोदणारी यंत्रे वर चढेनात. हवाई दलाची हेलिकॉप्टरे सज्ज ठेवण्यात आली होती. ढग व पाऊस यांमुळे त्यांना उड्डाण करता आले नाही. तेव्हा विसाव्या-एकविसाव्या शतकाची सारी यंत्रविद्या डोंगराच्या पायथ्याशी थांबली आणि काम आले ते कुदळ, फावडे, घमेले आणि माणसाचा खांदा. सिडकोने मजूर पाठविले. पाणी, भाकरी, दोर, स्ट्रेचर, सारे काही माणसांनी वाहून नेले आणि मृतदेह माणसांनीच खाली आणले.

शासकीय नोंदीनुसार वस्तीची लोकसंख्या २२८ होती. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण सापडले नाहीत. उरलेले १४४ वाचले, त्यांत आश्रमशाळेत शिकावयास गेलेली मुलेही होती. ती शिकण्यासाठी घराबाहेर होती म्हणून वाचली, आणि कित्येकांचे आईबाप घरी होते म्हणून गेले. २३ जुलै रोजी, वाचलेल्या नातलगांशी बोलून, शोधकार्य थांबविण्यात आले. ज्यांना आपल्या माणसाला शेवटचे पाहता आले नाही, ज्यांच्या माणसाला ना चिता मिळाली ना कबर, त्यांचे दुःख आकड्यांत मावत नाही.

अशी ही घटना एकटी नाही. शेजारच्या सुधागड तालुक्यात जुलै १९८९ मध्ये आंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यात हाहाकार केला. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते या गावांवर दरडी आल्या. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले, तेव्हा रोजच्या फेरीस आलेल्या एस. टी. चालकाला रस्त्याच्या जागी चिखल दिसला आणि त्यावरून गाव गेल्याचे बाहेर कळले. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाड परिसर पुराने वेढलेला असल्याने बाहेरची मदत पोहोचली ती दुसऱ्या दिवशी, तोवर जे काही केले ते गावकऱ्यांनीच. या सर्व ठिकाणी क्रम एकच दिसतो : आधी शेजारी, मग तालुका, मग दल.

सैनिक काय जाणतो ?

येथे सुज्ञ वाचक विचारतील की, शेजारीच पहिला असेल तर सैनिकाचा संबंध कोठे आला ? संबंध असा की, तो शेजारी निवृत्त सैनिक असू शकतो, किंवा निवृत्त सैनिकाने शिकविलेला असू शकतो. सैन्याने त्याला ज्या चार गोष्टी शिकविलेल्या असतात, त्या दरडीच्या रात्री लागणाऱ्याच आहेत.

पहिली गोष्ट हजेरी. पलटणीत सकाळ-संध्याकाळ माणसे मोजतात. दरडीनंतरचा पहिला प्रश्न 'किती माणसे आत आहेत' हा असतो, आणि त्याचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नसते. कोणी कामाला बाहेरगावी गेलेला असतो, कोणी सासुरवाडीस, मुले आश्रमशाळेत. जो बाहेर आहे त्याच्यासाठी खोदत बसणे आणि जो आत आहे त्याला विसरणे या दोन्ही चुका जीवघेण्या. कोणाचे घर कोठे होते व रात्री कोण कोठे झोपत असे, हे सांगणारा माणूस त्या वेळी यंत्रापेक्षा मोलाचा ठरतो.

दुसरी गोष्ट शांतता. ढिगाऱ्यावर शंभर माणसे एकदम ओरडू लागली तर खालची हाक कोणाला ऐकू येणार ? ठरावीक वेळाने सर्वांनी काम थांबवून कान द्यावयाचा असतो. हे सांगण्यास अधिकाराचा आवाज लागतो. न्यूयॉर्कच्या त्या दोघांनी नेमके हेच केले.

तिसरी गोष्ट पाळी. पहिल्या दोन तासांत सर्वांनी जीव तोडून खणावयाचे आणि पहाटेस सर्वांनी गळून पडावयाचे, ही हौशी माणसाची रीत झाली. सैनिक माणसांचे गट पाडतो, एक खणतो, एक माती वाहतो, एक विसावा घेतो, आणि एक जण फक्त वरच्या कड्याकडे पाहत उभा राहतो, की आणखी काही सरकते आहे काय. बघ्यांना दूर ठेवणे हेही त्यातच आले. इर्शाळवाडीच्या वाटेवर पुढे गर्दी रोखण्यासाठी बंदी घालावी लागली होती, हे आपण जाणतोच.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, ती थांबण्याची. कोठे हात घालावयाचा नाही, कोणाला वर पाठवावयाचे नाही, आणि आशा केव्हा संपली, हे सांगणे कोणाही नातलगाच्या तोंडून निघत नाही. ज्याने आपले सोबती मागे ठेवलेले आहेत, त्यालाच ते सांगण्याचा थोडाफार अधिकार असतो.

यंत्र, हात आणि नियोजन

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, २००६ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आठ वाहिन्यांनिशी उभे राहिले, आज त्या सोळा आहेत. त्यांतील पाचवी वाहिनी आपल्या घाटमाथ्यापलीकडे पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथे आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला तारिक गार्डन ही इमारत कोसळून सोळा जण दगावले, तेव्हा याच दलाच्या व स्थानिक लोकांच्या श्रमाने सुमारे एकोणीस तासांनी एक चार वर्षांचे मूल जिवंत बाहेर आले. उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये अडकलेल्या ४१ मजुरांना सतराव्या दिवशी सुखरूप काढण्यात आले. त्या काळात दररोज देशाला संयमाने माहिती देण्याचे काम निवृत्त लेफ्टनंट जनरल सय्यद अता हसनैन यांनी केले. ते तेव्हा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सदस्य होते. अफवांना आवर घालणे हाही बचावाचाच भाग असतो. आणि तेथेही शेवटच्या टप्प्यात मोठे यंत्र मोडले, तेव्हा उरलेले काही मीटर खणले ते हाताने खाणकाम करणाऱ्या हिंदू-मुसलमान कामगारांनी. इर्शाळवाडीत यंत्र पोहोचले नाही, सिलक्यारात पोहोचून मोडले. दोन्हीकडे अखेर हातच उरले.

हे हात आधीच शिकवून ठेवावेत या उद्देशाने 'आपदा मित्र' योजना २०१६ साली तीस जिल्ह्यांत सुरू झाली व पुढे साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे ठरले. योजना चांगली आहे. परंतु जिल्ह्याला मिळणारे काहीशे स्वयंसेवक आपल्या प्रत्येक वाडीत पोहोचणार नाहीत, हे गणित पाचवीचा विद्यार्थीही सांगेल. ती उणीव गावानेच भरून काढावयास हवी.

शाळेने काय करावे ?

येथे या स्मरणिकेचा आणि आपल्या शिक्षणसंस्थेचा संबंध येतो. खेड्यापाड्यात दोन माणसांना हजेरीची सवय असते : एक शिक्षक आणि दुसरा निवृत्त सैनिक. या दोघांनी एकत्र यावे, एवढीच माझी सूचना आहे. तिला मोठा खर्च नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेर वा जूनमध्ये, प्रत्येक शाळेने आपल्या भागातील माजी सैनिकांना सन्मानाने बोलवावे. मात्र हार घालून, भाषण ऐकून निरोप द्यावयाचा नाही. त्यांच्याकडून मोठ्या मुलामुलींनी दोराच्या गाठी, दोन काठ्या व एक चादर यांचे स्ट्रेचर, रक्तस्राव थांबविण्याची पट्टी आणि खूण करताच सर्वांनी एकदम गप्प होण्याची कवायत शिकावी. दुसरे, विद्यार्थ्यांनी आपापल्या वाडीची घरवार यादी करावी. घरात माणसे किती, त्यांत म्हातारी, आजारी, तान्ही किती, रात्री कोण बाहेर असते, हे तीत यावे. यादीची एक प्रत शाळेत, एक पोलीस पाटलांकडे व एक खालच्या गावात राहावी, कारण वाडीतच ठेवलेली यादी वाडीबरोबर जाईल. तिसरे, डोंगरात नवी भेग, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे वा विजेचे खांब कलणे अशा खुणा मुलांना शिकवाव्या व त्या दिसताच कोणाला कळवावयाचे हे भिंतीवर लिहून ठेवावे. सरकारी यादीत गावाचे नाव असो वा नसो, भेग दिसते ती गुराख्याच्या पोराला आधी दिसते.

काही जण म्हणतील की, ही सर्व कामे सरकारची आहेत. खरे आहे, आणि सरकारकडे ती मागत राहिले पाहिजे. इर्शाळवाडीस रस्ता असता, तिचे नाव यादीत असते व वेळेवर स्थलांतर झाले असते, तर आज हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. शेजाऱ्याच्या हिमतीवर भार टाकून शासनाने मोकळे व्हावे असे कोणीही म्हणणार नाही. पण रात्री अकरा वाजता कडा कोसळतो तेव्हा अर्ज, निवेदने व मोर्चे उपयोगाचे नसतात. तेव्हा कोणीतरी दार वाजवावे लागते, माणसे मोजावी लागतात आणि कंदील घेऊन वर निघावे लागते.

आपल्या तालुक्यातील निवृत्त जवानांचा गौरव आपण पंधरा ऑगस्टला व सव्वीस जानेवारीला करतो. तो जरूर करावा. त्याच्या जोडीला येत्या पावसाळ्यापूर्वी एक दिवस त्यांना वर्गात उभे करून आपण विद्यार्थी म्हणून समोर बसावे. त्यांनी सीमेवर जे शिकले ते त्यांच्याबरोबर संपू देणे आपल्या मुलखाला परवडणारे नाही. इर्शाळगडाच्या कुशीत सत्तावन्न माणसे अजून मातीखाली आहेत. त्यांच्यासाठी आता दुआ करणेच आपल्या हाती उरले आहे. डोंगराखालच्या उरलेल्या वाड्यांसाठी मात्र अजून काम करता येण्यासारखे आहे, आणि त्याचा आरंभ हजेरीपत्रकापासून होतो.